डोळ्यात पाणी की खोबणीत पाणी?

ताई, तुमचा प्रश्न असा की पुतण्या गाडीवरून पडला, सीटी स्कॅनच्या रिपोर्टात 'ऑर्बिटमध्ये सीएसएफ कलेक्शन' (म्हणजे डोळ्याच्या खोबणीत मेंदूभोवतीचं पाणी साठलंय) लिहिलंय, तर सासूबाईंना 'डोळ्यात पाणी झालंय' म्हणून सांगितलं तर चालेल का.

नका सांगू तसं. डोळ्यात पाणी म्हटलं की अश्रूच डोक्यात येतात, आणि आपल्या सोलापुरात तर जास्तच, कारण तेलुगूत कन्नु नि कन्नडमध्ये कण्णु म्हणजे डोळा, त्याला पाणी जोडलं की कन्नीरु, कण्णीरु, दोन्हीकडं अश्रूच. पूर्व भागातल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंना मुलाबद्दल कुणीतरी असंच सांगितलं होतं, त्या दोन दिवस पदरानं त्याचा डोळा टिपत बसल्या, डोळा कोरडाच, फुगलेली होती ती वरची पापणी.

हे पाणी मेंदूचं. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती खेळणारं, मोठ्या माणसात एका वेळी साधारण 150 मिली असतं, पण रोज नवीन 500 मिलीच्या आसपास तयार होत राहतं. डोळ्याच्या खोबणीचं छत म्हणजेच मेंदूच्या पुढच्या भागाखालची फरशी, हाड एकदम पातळ, ते मोडलं आणि वरचं आवरणही फाटलं की पाणी खाली झिरपतं. म्हणून 'खोबण' हा शब्द पाहिजेच. पुस्तकात नेत्रकोटर म्हणतात, कोटर म्हणजे झाडाची ढोली, शब्द सुंदर आहे पण घरात कोण बोलतंय, खोबण मात्र सगळ्यांना कळते.

आता क्रियापद. 'झालंय' नको, 'मेंदूत पाणी झालंय' हे वेगळ्या आजाराला म्हणतात. 'उतरलंय' मला फार आवडतं, वरून खाली आलं हे त्यातच आलं, पण नुसतं 'पाणी उतरलं' म्हटलं तर भीमेचा पूर उतरला, सूज उतरली, तसं बरं झालं वाटेल. म्हणून दोन्ही जोडा: 'डोळ्याच्या वरचं हाड मोडलंय, तिथून मेंदूचं पाणी खोबणीत उतरून साठलंय.'

आणि सासूबाई घाबरतील म्हणून 'मेंदूचं' हा शब्द गाळू नका. तो गाळला की मुका मार समजून घरात शेक नि लेप सुरू होतात, आणि इकडं त्या फटीतून जंतू वर गेले तर मेनिन्जायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज, होऊ शकतो.