आधी ब्लोअर ठरवा, मग ट्रॅक्टर

प्रश्न : ताई, निफाड तालुक्यात माझी चार एकर द्राक्षबाग आहे. जमीन काळी भारी, लागवड ९ बाय ५ फुटांवर, वेली वाय आकाराच्या मांडवावर. फवारणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर करतो. गेल्या हंगामात त्यापायी ६४ हजार रुपये गेले, आणि ऐन वेळी ट्रॅक्टर मिळत नाही ते वेगळंच. आता स्वतःचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतो. महिंद्रा युवराज २१५ बघितला, जिवो २४५ आणि कुबोटाचा बी २४४१ हेही बघितले. किमतीत बरंच अंतर आहे. ब्लोअर, म्हणजे पंख्याने औषध फवारायचं यंत्र, ६०० लिटरचा, ट्रॅक्टरमागे ओढायचा घेणार आहे. १५ एचपीवर भागेल का?

उत्तर : भाऊ, नाही भागणार. तुम्ही ब्लोअरचा उल्लेख शेवटी केलात, तो पहिल्या ओळीत यायला हवा होता. द्राक्षबागेत ट्रॅक्टर घ्यायचा तो ब्लोअरसाठी. बाकीची कामं त्याच्या मागून येतात.

६०० लिटर पाणी म्हणजे ६०० किलो. त्यात टाकी, पंप, पंखा आणि सांगाडा यांचं वजन धरा. हे सगळं छाटणीनंतरच्या ओल्या काळ्या रानातून ओढायचं, आणि त्याच वेळी पंखा पूर्ण वेगात फिरत राहायला हवा. युवराज २१५ काय किंवा स्वराज ७१७ काय, १५ एचपीची ही एका सिलेंडरची यंत्रं त्यांच्या कामाला चांगली आहेत. ऊस-कापसाची आंतरमशागत, हलकी ट्रॉली, छोटा पंप यासाठी मी ती नक्की सुचवेन. तुमच्या बागेसाठी नाही सुचवणार.

हे मी स्वतः भोगलंय. २०१८ मध्ये किंमत बघून वीस एचपीच्या आतला दोन चाकांच्या ओढीचा ट्रॅक्टर घेतला. पहिल्या वर्षी पाऊस बेताचा होता, काही जाणवलं नाही. २०१९ चा ऑक्टोबर मात्र आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. बाग फुलोऱ्याआधीच्या दोडा अवस्थेत, रोज पाऊस, आणि वाफसा येईपर्यंत थांबावं तर डाऊनी हा बुरशीचा रोग थांबत नव्हता. भरलेला ब्लोअर घेऊन तिसऱ्या ओळीत गेले आणि मागची चाकं जागीच फिरायला लागली. शेजाऱ्यांच्या मोठ्या ट्रॅक्टरला साखळी लावून बाहेर काढला. त्यात फवारणीचे दोन दिवस गेले, आणि त्या ओळींतले घड तपकिरी पडून गळाले. त्या दिवसापासून काळ्या रानात द्राक्ष असेल त्याला मी फोर व्हीलच सांगते. पुढच्या चाकांनाही ओढ असली की चाकं जागच्या जागी फिरायचं प्रमाण खूप कमी होतं. फक्त डांबरी रस्त्यावर आलात की फोर व्हील काढून टाका, नाहीतर पुढचे टायर लवकर झिजतात.

आता २४ एचपीच्या दोघांविषयी. जिवो दोन सिलेंडरचा, कुबोटा तीन सिलेंडरचा, दोन्ही फोर व्हील. शोरूममध्ये इंजिनाचे एचपी सांगतात. तुम्ही पीटीओचे, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर मिळणारे, विचारा. ब्लोअरचा पंखा पीटीओवर फिरतो आणि तिथे पोचणारी ताकद इंजिनापेक्षा कमीच असते. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची मोजलेली ताकद, डिझेलचा खप, वळायला लागणारी जागा, लिफ्टची क्षमता असं सगळं दिलेलं असतं. दोन्ही मॉडेलचे अहवाल मागवून शेजारी शेजारी ठेवून वाचा. रंगीत पत्रकापेक्षा ते कितीतरी उपयोगाचे आहेत.

एक गोष्ट मात्र अहवाल वाचूनही नीट कळत नाही, ती म्हणजे क्लच. सिंगल क्लच असेल तर वळताना पाय दाबला की पीटीओही थांबतो. पंखा मंदावतो आणि पुढच्या ओळीची पहिली चार-पाच झाडं कोरडी राहतात. नंतर भुरी रोगाची सुरुवात तिथूनच होते आणि आपण औषधाला दोष देतो. म्हणून क्लच दाबूनही पीटीओ फिरत राहतो का, हे स्वतः बसून बघा.

डेमो शोरूमच्या अंगणात घेऊ नका, बागेत मागवा. तुमच्यासारखाच ब्लोअर कोणाकडून तरी आणा, टाकी काठोकाठ भरा आणि आदल्या दिवशी पाणी दिलेल्या ओळीत घाला. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवून कोणत्या गिअरला ताशी चार किलोमीटरच्या आसपास चाल मिळते ते पाहा. तशी चाल देणारा गिअरच नसेल तर बाकीचे गिअर काय कामाचे? ९ फुटांच्या ओळी म्हणजे एकरी साधारण दीड किलोमीटर चालणं. चार एकरांना सहा किलोमीटर, म्हणजे वळणं आणि पाणी भरणं सोडून दीड तास. डिझेल मोजायला टाकी काठापर्यंत भरा, एक एकर मारा, परत काठापर्यंत भरा. जेवढं लागलं तो तुमचा खरा आकडा. ओळीच्या टोकाला ताणाच्या तारा आणि बांध यांच्यामध्ये एका दमात वळतो का, सायलेन्सर कोवळ्या शेंड्यांवर धूर सोडतो का, हेही त्याच फेरीत दिसेल.

दोन्ही सारखेच उतरले तर ज्याचा मेकॅनिक तुमच्या गावापासून जवळ आहे तो घ्या. गोडी, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर दोन दिवस बंद पडलेला ट्रॅक्टर कोणत्याच किमतीत स्वस्त नसतो.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत पावती फाडू नका. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरला अनुदान मिळत नाही. आणि दरपत्रक जुनं नाही ना ते बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

प्रश्न : सांगोल्याकडे डाळिंब आहे. ओळखीच्यांचा वापरलेला फोर व्हील ट्रॅक्टर मिळतोय, मीटर ९०० तास दाखवतो. घ्यावा का?

उत्तर : मीटरवर विसंबू नका. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल तर ९०० तासांचा आकडा खरा नाही. सकाळी न कळवता जा, बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे ना ते बघा आणि मगच चालू करायला सांगा. गार इंजिन कष्टाने चालू होत असेल किंवा धूर बराच वेळ निळा राहत असेल तर पुढे बोलणी नकोत. पुढच्या अॅक्सलला तेलाचा ओलावा आणि पीटीओ शाफ्टला हाताने हलवून ढिलेपणा जाणवतो का, हे दोन्ही बघा. फोर व्हीलमध्ये खर्च तिथेच निघतो. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्यावरच पूर्ण पैसे द्या, ओळख कितीही जुनी असली तरी.