दिवाळं काढलं तर गाडी राहते का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचवणारे एक छोटा हत्तीवाले कर्जाबद्दल सल्ला घ्यायला आले. घरात बायको, दोन मुलं, आई. खुर्ची ओढता ओढताच त्यांनी विचारलं, "साहेब, दिवाळं काढलं तर गाडी राहतीय का? एकानं सांगितलंय, कोर्टात अर्ज टाकला की सगळे हप्ते बंद." रिक्षावाले, टेम्पोवाले, जेसीबीवाले, सगळ्यांचा प्रश्न हाच असतो. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

उत्तराआधी कागद मांडले. गाडीचे २१ हप्ते बाकी, प्रत्येकी ११,४०० रुपये, शिवाय दोन थकलेले. बायकोच्या नावावरचं पर्सनल लोन १,४०,००० (हप्ता ६,८००), पतसंस्थेचं कर्ज १,००,००० (हप्ता ४,७००), क्रेडिट कार्ड ६२,००० (किमान भरणा ३,१००). वर एका सावकाराचे ८०,००० शेकडा पाचनं, म्हणजे महिन्याला ४,००० नुसतं व्याज. बेरीज महिना ३०,०००. डिझेल, टायर, इन्शुरन्स आणि फिटनेसचे पैसे बाजूला काढून हातात उरत होते ३१,०००, आणि घरखर्चच १५,५०० चा.

आता कायदा. सोलापुरात सामान्य माणसाचा नादारीचा, म्हणजे दिवाळं काढायचा, अर्ज आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात होतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे आणि धंद्याला लागणारं वाहन त्यात वगळलेलंही आहे. मोबाइलवर तेवढंच वाचून लोक येतात. पण ती सवलत कर्जाचा बोजा नसलेल्या वाहनाला आहे, आणि तो भाग अजून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांनाच लागू झाला आहे, तोही १ डिसेंबर २०१९ पासून.

१९२० च्या कायद्यात किमान कर्जाची अट ५०० रुपये आहे, त्यामुळे रकमेची अट जवळजवळ कुणालाच आड येत नाही. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्यानं नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते आणि बिनतारण सावकारांना कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. मात्र आरसीवर ज्याच्या नावाची हायपोथिकेशनची (गाडी कर्जाला तारण असल्याची) नोंद आहे, त्या फायनान्सवाल्याचा तारणावरचा हक्क तसाच राहतो. हप्ता थकला की तो गाडी उचलू शकतो, नादारी झाली तरी. म्हणजे अर्जानं जे हप्ते थांबतात त्यांत गाडीचा हप्ता येत नाही. गाडी कर्जमुक्त असेल तर उलट ती थेट रिसीव्हरकडे जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० कारागिराच्या हत्यारांना जप्तीतून वाचवतं, पण टेम्पो 'हत्यार' ठरेल या भरवशावर अर्ज करणं म्हणजे जुगार.

त्यांच्या मेहुण्यानं सुचवलेली युक्तीही नेहमीचीच: गाडी माझ्या नावावर करून टाका. बोजा असताना फायनान्सवाल्याच्या ना-हरकतीशिवाय ती नावावर होतच नाही. आणि झाली असती, तरी नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं असं हस्तांतर कोर्ट रद्द ठरवू शकतं.

अजून दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. नादारीतून मुक्तता मिळाली तरी जामीनदार सुटत नाहीत. पतसंस्थेच्या कर्जाला यांचा चुलतभाऊ आणि शेजारी जामीन होते. दुसरं, मुक्तता होईपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची किंवा जास्तीची उधारी घेणं हा गुन्हा आहे. पंपावर डिझेलची वही चालवणाऱ्या माणसाला हे किती दिवस पाळता येईल? कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीत दिवाणी तुरुंगाची वेळ आली असेल किंवा कर्ज कमाईच्या आवाक्यापलीकडे गेलं असेल, तर नादारीचा खरंच विचार करावा. तेव्हा कोर्टाकडून अटकेपासून संरक्षण मागता येतं. इथे तशी वेळ नव्हती.

म्हणून क्रम बदलला. पहिला मान गाडीच्या हप्त्याला, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ३१,००० मधून घर आणि गाडीचा हप्ता गेला की राहतात ४,१००. घरखर्चाची वही पुन्हा चाळली तर त्यात २,६०० रुपये पिग्मीचे निघाले, रोज १०० रुपये, त्याच पतसंस्थेत. एका हातानं शेकडा पाचनं पैसे आणायचे आणि दुसऱ्या हातानं पिग्मी भरायची! ती बंद केली, साठलेले १८,००० कर्जात वळते केले. उरलेल्या ८२,००० ची पतसंस्थेनं २,९०० रुपयांच्या हप्त्यात सुमारे तीन वर्षांसाठी फेरबांधणी केली. आधी सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याची भाषा होती. जामीनदारांना सोबत नेल्यावर बोलणं सरळ झालं. राहिलेल्या ३,८०० मध्ये गाडीचे थकलेले २२,८०० सहा महिन्यांत फिटतात. हे फायनान्सवाल्याकडून लेखी घ्यावं, शाखेतल्या माणसाचं 'बघू' चालत नाही. दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, म्हणून खात्याचा उतारा मागून तेही तपासलं.

कार्ड आणि पर्सनल लोनला सहा महिने काहीच नाही. हे कटू आहे. ९० दिवसांनी खातं थकीत ठरतं, सिबिल खराब होतं, फोन सुरू होतात. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. करत असतील तर वेळ लिहून ठेवावी, आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. पण फोन उचलून 'पुढच्या आठवड्यात भरतो' असं म्हणू नये. ऑटो-डेबिट परत गेल्याची कायदेशीर नोटीस आली तर दुर्लक्ष मुळीच नको: चेक बाउन्ससारखाच तोही गुन्हा ठरू शकतो आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत असते. गाडीचा हप्ता मात्र वेगळ्या बँकेतल्या खात्यातून, जिथे एक रुपयाचंही देणं नाही. नाहीतर भाड्याचे पैसे जमा झाले की बँक आधी आपलं कार्ड वळतं करून घेते.

सावकाराकडे मूळ आरसी आणि सही केलेले कोरे फॉर्म २९, ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) होते. आरसी हरवल्याची खोटी तक्रार देऊन नवी काढायचा सल्ला त्यांना मिळाला होता. तो गुन्हा आहे. वाटेत तपासणीला डिजिलॉकरमधली आरसी चालते. सावकारीचा परवाना नव्हता, तेव्हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रारीचा मसुदा केला. मसुदा दाखवल्यावर कागद परत आले. मुद्दल सहा महिन्यांनंतर, टप्प्यांनी.

गाडी अडवलीच तर काय, हेही एका कागदावर लिहून डॅशबोर्डमध्ये ठेवलं. अधिकारपत्र आणि ओळखपत्र मागा, हाणामारी नको. भाड्याचा माल उतरवून घ्या, तो तुमचा नाही. किलोमीटर, टायर, बॅटरी यांचे फोटो काढा, ताब्याची पावती घ्या. 'स्वखुशीनं गाडी दिली' अशा कागदावर सही करू नका. विक्रीआधी थकबाकी भरायची शेवटची संधी द्यावी लागते, ती लेखी मागा. विकून पैसे कमी पडले तर फरक तुमच्याच डोक्यावर राहतो.

वकिलाच्या फीची चिंता त्यांना होती. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. यांचं उत्पन्न त्याच्या वर जात होतं, पण बायकोच्या नावावरच्या पर्सनल लोनसाठी ही अट नव्हती, कारण महिलांना उत्पन्नाची मर्यादा नाही. ते प्रकरण आता दावापूर्व लोकअदालतीत आहे. तडजोडीची रक्कम ठरली तर आधी पत्र, मग पैसे. आणि २१ वा हप्ता फिटला की फायनान्सवाल्याची ना-हरकत आणि फॉर्म ३५ घेऊन लगेच आरटीओत, आरसीवरचा बोजा उतरवायला.