वाचकांचे प्रश्न : बॅटरी अकरा वाजता भरते, पुढच्या उन्हाचे काय करावे?

प्रश्न : राजापूर तालुक्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) आमची हापूसची बाग असून तेथेच राहते घर आहे. महावितरणचे खांब तिथवर आलेले नाहीत. छपरावर ३ किलोवॉटचे सौर पॅनेल आणि घरात ५ युनिट साठवणारी लिथियम (एलएफपी) बॅटरी आहे. मार्च-एप्रिलमध्ये बॅटरी अकराच्या आत भरते आणि मग इन्व्हर्टरच्या पडद्यावर पॅनेलकडून जेमतेम २०० वॉट येताना दिसतात. उरलेली वीज कुठे जाते? त्याने पॅनेल खराब होतात का? आणखी एक बॅटरी घ्या, असे विक्रेता सांगतो. ती घ्यावी का?
— एक बागायतदार

उत्तर : उरलेली वीज कुठेही जात नाही, कारण ती तयारच होत नाही. बॅटरी भरली की चार्ज कंट्रोलर पॅनेलचे व्होल्टेज वर सरकवतो, त्यामुळे प्रवाह घटतो आणि घरातील पंखे व फ्रिज यांना लागेल तेवढीच वीज पॅनेलमधून निघते. अशा वेळी पॅनेल किंचित अधिक तापतात. याहून त्यांना काही अपाय होत नाही. पवनचक्कीवरचा भार काढला तर तिची पाती बेफाम फिरतात, म्हणून तेथे जादा वीज जिरवण्याची सोय करावीच लागते. सौर पॅनेलला तशी सक्ती नाही.

दुसरी बॅटरी मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचा रात्रीचा वापर पहिल्या बॅटरीतच भागत असेल, तर दुसरी एकदा भरेल आणि उन्हाळाभर भरलेलीच राहील. जुलैमध्ये, जेव्हा तिची खरी गरज भासेल, तेव्हा कोकणातील ढगाळ आभाळाखाली पहिलीच पुरती भरणार नाही. एप्रिलचे ऊन आषाढासाठी राखून ठेवता येत नाही. ते त्याच दुपारी कामाला लावावे लागते.

तुमच्या बागेत ते काम तयारच आहे. नवी कलमे पाणी मागतात ती नेमक्या याच महिन्यांत. विहीर सड्याच्या पायथ्याशी आणि टाकी वर, अशी सुमारे ३० मीटरची चढण धरली, तर १ अश्वशक्तीचा साधा पंप एका युनिटमध्ये साडेतीन ते चार हजार लिटर पाणी वर चढवतो. म्हणजे रोज बुडणाऱ्या विजेपैकी केवळ तीन युनिटमध्ये दहा हजार लिटरची टाकी भरते आणि संध्याकाळी तेच पाणी वीज न लागता उताराने कलमांच्या आळ्यांत सोडता येते. टाकी मोठी करण्यावर केलेला खर्च हा बॅटरीवरच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतो. एवढे मात्र तपासा की मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. तो धक्का इन्व्हर्टरला सोसत नसेल, तर मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवून घ्यावा.

पंप हाताने चालू-बंद करण्याऐवजी इन्व्हर्टरमधील रिलेवर, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचवर, सोपवणे चांगले. बॅटरी ९५ टक्के भरली की पंप सुरू व्हावा आणि ८५ टक्क्यांवर उतरली की बंद व्हावा, अशी नोंद करावी. दोन आकड्यांत अंतर हवेच, नाहीतर एखादा ढग आला की पंप सारखा चालू-बंद होत राहील. ही नोंद व्होल्टेजवर न करता बीएमएसने (बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेने) दाखवलेल्या टक्केवारीवर करावी, कारण एलएफपी बॅटरीचे व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट असते आणि त्यावरून ती किती भरली आहे हे नीट कळत नाही.

पाण्यानंतर क्रम लागतो गिझरचा. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट लागतात. घरात २ किलोवॉटचा गिझर असेल, तर त्यात १ किलोवॉटचे एलिमेंट बसवून घ्यावे; ते सावकाश तापवते आणि बॅटरीवर ताण येत नाही. थर्मोस्टॅट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर राहिलेच पाहिजेत. पॅनेलच्या तारा थेट गिझरला जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कदापि मानू नये. एसीसाठी बनवलेल्या थर्मोस्टॅटमध्ये डीसी प्रवाह तुटताना ठिणगी विझत नाही, संपर्क वितळून चिकटतात आणि पाणी तापतच राहते; त्यातून आग लागू शकते. दळण, कपडे धुणे, इस्त्री आणि इंडक्शनवरचा भात ही कामे अकरा ते तीनमध्ये आणली, तर त्यासाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही.

लिथियम बॅटरी कडक उन्हाळ्यात दिवसभर पूर्ण भरलेली ठेवल्याने तिचे आयुष्य घटते. मार्च ते मे तिची कमाल मर्यादा ९० टक्के ठेवावी, पंपाचे आकडे त्या हिशेबाने ८५ आणि ७५ करावेत आणि अधूनमधून ती १०० टक्के भरू द्यावी, म्हणजे सेल एकसारखे राहतात. शेजाऱ्याकडे लेड-ॲसिड बॅटरी असेल, तर त्याने हे अनुकरण करू नये. ती नियमितपणे पूर्ण भरली नाही, तर तिच्या प्लेटांवर सल्फेट साचते.

प्रश्न : लातूरमध्ये आमच्याकडे नेट मीटर आणि बॅटरी दोन्ही आहेत. आम्हीही हेच करावे का?

उत्तर : आपल्याला घाई नाही. बॅटरी भरल्यावरची वीज महावितरणकडे जाते आणि बिलात वळती होते. आर्थिक वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला, शिल्लक राहिलेल्या युनिटचा मोबदला वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतो. वर्षाअखेरीस बरीच युनिट शिल्लक राहत असतील, तर गॅसवरचा स्वयंपाक थोडा विजेवर आणणे फायद्याचे ठरेल. मात्र पुरवठा खंडित झाला की सुरक्षेसाठी बाहेर जाणारी वीजही तत्काळ थांबते. भर दुपारी वीज गेली, तर वरील प्रश्नातील बागायतदार आणि आपण एकाच स्थितीत असता, आणि तेवढ्या वेळापुरते पंपाबद्दलचे उत्तर आपल्यालाही लागू पडते.