रिमोटच्या मॉडेल विमानांत पहिलंच वॉरबर्ड (जुन्या लष्करी विमानाचं मॉडेल) स्पिटफायर नको
स्पिटफायर देखणं आहे, कबूल. पण चाकं जवळजवळ, पंख टोकाकडे निमुळते. उतरताना वेग पडला की एक पंख खाली जातो अन् विमान ढेकळांत. आधी हाय-विंग ट्रेनरवर, म्हणजे पंख वरच्या बाजूला असलेल्या शिकाऊ विमानावर, हात बसव, मग टी-२८ ट्रोजन घे, फोमचंच. पुढं चाक असल्यानं ते सहसा नाकावर पडत नाही. मस्टँग हे वॉरबर्ड त्यानंतर. टेकऑफला थ्रॉटल (मोटरचा जोर) सावकाश दे. विमान डावीकडं ओढणारच, उजवा रडर (शेपटीचं सुकाणू) तयार ठेव. आपल्या काळ्या रानातल्या भेगा चाकं गिळतात, मुरमाड माळ बघ. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाच्या आसपास तर उडवायचा विचारसुद्धा करू नको, राव. मे महिन्यात ऊन तापायच्या आत आवर. विमानाच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या तापलेल्या बंद गाडीत राहिल्या तर फुगतात.