मॅन्युअलात सगळं आहे, मग सापडत का नाही?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की लिनक्ससीएनसीचं मॅन्युअल सुधारायचं काम प्रोग्रामरांचं कमी आणि मशीन चालवणाऱ्यांचं जास्त आहे. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली चार घेतो, नावं छापत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लिनक्ससीएनसी म्हणजे साध्या पीसीवरून मिलिंग, लेथ, राउटर, प्लाझ्मा चालवणारं फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर, मूळ अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेतलं.

प्रश्न : सर, भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. जुनं मिलिंग मशीन घेऊन त्याला स्टेपर मोटर, ड्राइव्ह आणि लिनक्ससीएनसी बसवलं. कटिंगला झकास चालायचं, पण जी० (न कापता झटकन सरकायची आज्ञा) दिला की मोटर नुसती घूंऽऽ करून जागच्या जागी, आणि स्क्रीनवरचे आकडे मात्र पळतायत. ड्राइव्ह बदलला, पॉवर सप्लाय बदलला, अकरा दिवस गेले. शेवटी कळलं मॅक्स व्हेलॉसिटीत मी १५०० टाकलंय, तिथे २५ पाहिजे होतं. ज्याला विचारावं तो म्हणे मॅन्युअल वाचा. अहो वाचलं होतं! दुसऱ्याचे अकरा दिवस जाऊ नयेत म्हणून काहीतरी लिहावंसं वाटतंय, पण मी आयटीआय फिटर, लिहू काय?

उत्तर : जे पत्रात लिहिलंत तेच लिहा की.

मॅन्युअलात त्या जागी काय आहे बघा. मॅक्स व्हेलॉसिटी, कमाल वेग, मशीन युनिट्स पर सेकंद. संपलं. चूक काढायला जागा नाही. पण तिथे येणारा माणूस कोण असतो? जन्मभर एफ३००, एफ१५०० असं फीड म्हणजे कटिंगचा वेग मिनिटाच्या हिशोबात बोलत आलेला. त्याचा हात मिनिटाचाच आकडा टाकणार, 'पर सेकंद' डोळ्यासमोरून जातं, डोक्यात शिरत नाही. त्यात तो आधी ग्रबल हे असंच दुसरं फुकट सॉफ्टवेअर वापरून आलेला असला तर बघायलाच नको, कारण तिथे डॉलर ११० या सेटिंगमध्ये हाच वेग मिलिमीटर पर मिनिट टाकायचा असतो. तुमचे १५०० म्हणजे मिनिटाला नव्वद मीटर झाले, बुलेट ट्रेन नाही पण मिलिंगच्या टेबलाला पुष्कळ झालं! २५ गुणिले ६० केलं की तुमच्या मनातले १५०० येतात. कटिंग करताना, म्हणजे जी१ला, एफमुळे वेग कमीच मागितला जातो म्हणून तिथे काही जाणवलं नाही, जी०ला एफ लागत नाही, तो सरळ कमाल वेगाकडे धाव घेतो आणि स्टेपर मध्येच कुठेतरी टॉर्क सोडून देतो. टेबल खरंच हललं का ते सांगणारा एन्कोडर नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरला पत्ताच नाही, त्याने पल्स पाठवले म्हणजे त्याच्या लेखी टेबल पोचलं. म्हणून आकडे पळतायत आणि टेबल ढिम्म.

आता त्या ओळीखाली एकच वाक्य वाढवायचं. 'लक्ष द्या, प्रोग्राममधला एफ मिनिटाचा असतो आणि इथला आकडा सेकंदाचा, १५०० मिलिमीटर पर मिनिट हवे असतील तर इथे २५ लिहा.' बस. आणि दुसरं काम म्हणजे अडचणींच्या पानावर एक मथळा टाकायचा, 'जी१ नीट चालतो, जी०ला मोटर अडकते'. मथळ्यात मॅक्स व्हेलॉसिटी हा शब्द घालू नका, कारण अडकलेल्या माणसाला तोच तर माहीत नसतो. त्याला लक्षण माहीत असतं. डॉक्टरकडे जाऊन कोणी माझं अपेंडिक्स सुजलंय असं सांगत नाही, पोटात दुखतंय म्हणून सांगतो. मॅन्युअल असतं सेटिंगच्या नावांनी लावलेलं आणि माणूस येतो पोटदुखी घेऊन, सगळा घोळ तिथे आहे.

असलाच अजून एक खड्डा सांगतो, त्यात मी स्वतः पडलोय. ड्राइव्हच्या कागदावर पल्सची रुंदी मायक्रोसेकंदात असते, इकडे तीच रुंदी स्टेपलेन या सेटिंगमध्ये नॅनोसेकंदात मागतात. मी कागदावरचे ५ बघून ५ टाकले, टाकायचे होते ५०००. मशीन चाललं हो, तेच तर वाईट, चाललं पण मधूनच एखादी स्टेप खायचं आणि मी कपलिंग आवळत बसलो. हे तेव्हाच लिहून ठेवायला पाहिजे होतं, नाही ठेवलं, कारण मशीन सुरळीत झालं की आठ दिवसांत आपणही 'त्यात काय एवढं' म्हणणाऱ्यांत जमा होतो. तुम्ही अजून झालेला नाहीत, म्हणून आज रात्रीच लिहा. मोटर किती स्टेपची, ड्राइव्हवर मायक्रोस्टेप किती, स्क्रूचा पिच किती, सगळं. २०० स्टेपची मोटर, १० मायक्रोस्टेप आणि ५चा पिच असेल तर स्केल, म्हणजे एका मिलिमीटरला लागणारे पल्स, ४००, असा हिशोब उलगडून दाखवा, नुसतं ४०० लिहिलं की पुढचा माणूस तेच स्वतःच्या १०च्या पिचला टाकतो. आणि 'चालवून बघा' असं लिहायच्या आधी 'टूल काढा, हात इमर्जन्सीवर ठेवा' ही ओळ विसरू नका.

प्रश्न : लिहिलं, पण ते मॅन्युअलात जाणार कसं? गिट वगैरे येत नाही. इंग्रजी तर आनंदच आहे.

उत्तर : मॅन्युअलाची पानं सॉफ्टवेअरच्या कोडसोबतच गिटहब या वेबसाइटवर असतात, डॉक्स नावाच्या फोल्डरमध्ये, आस्कीडॉक म्हणजे थोड्याफार खुणा असलेल्या साध्या मजकुरात. अकाउंट काढा, ते पान उघडा, पेन्सिलच्या चित्रावर क्लिक करा, तुमच्यापुरती प्रत आपोआप तयार होते. वाक्य घाला आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'ही दुरुस्ती घ्या' अशी विनंती, पाठवा. एका रिक्वेस्टमध्ये एकच दुरुस्ती, दहा ठिकाणी हात घातलात तर तपासणारा ती बाजूला ठेवतो आणि मग ती तिथेच राहते. एवढंही नको वाटलं तर इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, उघडून त्यात मजकूर चिकटवा, योग्य जागी नेऊन बसवायचं काम दुसरं कोणी करू शकतं.

एक अडचण येईल ती सांगून ठेवतो. हॅल, म्हणजे लिनक्ससीएनसीमधला सिग्नल जोडायचा भाग, त्यातल्या कितीतरी कंपोनंटची माहिती डॉक्स फोल्डरमध्ये सापडणारच नाही, कारण ती त्या कंपोनंटच्या सोर्स फाइलमध्येच लिहिलेली असते आणि तिथून मॅन पेज म्हणजे मदतीचं पान तयार होतं. तेव्हा शोधून शोधून दमलात तर इश्यूच बरा.

इंग्रजी मोडकं असलं तर कोणीतरी नीट करतं. आकडा चुकला तर तो नीट करायला त्याच्याकडे तुमचं मशीन नसतं, तेवढं सांभाळा.

प्रश्न : नाशिक, सातपूरहून लिहितोय. हॅल फाइल एका लेखात होती तशीच्या तशी उतरवली, अक्षर न् अक्षर तपासलं, तरी 'पिन अस्तित्वात नाही' म्हणतंय. मग या डॉक्युमेंटेशनचा उपयोग काय?

उत्तर : तुमची फाइल पत्रासोबत होती, बघितली. त्यात 'अ‍ॅक्सिस डॉट शून्य डॉट मोटर पोझिशन कमांड' ही पिन, म्हणजे जोडणीचं टोक, आहे. तो लेख २.८च्या आधीचा. २.८ आवृत्तीत जॉइंट (मोटरने हलणारा एकेक भाग) आणि अ‍ॅक्सिस (एक्स, वाय अशा दिशा) वेगळे केले आणि ही पिन 'जॉइंट डॉट शून्य'च्या नावावर गेली. लेख लिहिणाऱ्याचं तेव्हा बरोबर होतं, तुमचं उतरवणंही बरोबर आहे, पानावर आवृत्ती लिहिलेली नाही एवढंच चुकलं. जुनी आयएनआय फाइल, म्हणजे मशीनच्या सेटिंगची फाइल, नव्या आवृत्तीत उघडली तर कन्व्हर्ट करायची सोय आहे, बॅकअपही ठेवला जातो, पण लोकांच्या वहीतल्या नोंदी आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ कोण कन्व्हर्ट करणार? म्हणून दोन ओळींची टीप लिहा नाहीतर वीस पानं, वर पहिल्यांदा आवृत्ती टाका.

शोधताना 'ईएमसी२' नावाची पानं आली तर तीही याचीच, पण फार जुनी. आधी सॉफ्टवेअरचं नाव ते होतं, ईएमसी नावाच्या स्टोरेज कंपनीने ट्रेडमार्कचा मुद्दा काढला म्हणून बदललं. २०१२च्या २.५ आवृत्तीपासून लिनक्ससीएनसी.

आणि तुम्ही विचारलंय की हॅलमधल्या नेटच्या, म्हणजे पिना जोडणाऱ्या, ओळीतला बाण उलटा पडला म्हणून असं झालं का. नाही. तो बाण फक्त माणसांना वाचायला सोपं जावं म्हणून असतो, हॅल त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

प्रश्न : काका, मी कोल्हापूरला डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून आम्ही चौघी मैत्रिणी लिनक्ससीएनसीचं पूर्ण मॅन्युअल मराठीत आणायचं म्हणतोय. जमेल का? आणि छापून वाटलं तर परवानगी लागते का?

उत्तर : अगं, पूर्ण नका घेऊ अंगावर. शेकडो पानं आहेत, आणि तुमचा निकाल लागेपर्यंत इंग्रजी मजकूर पुढे गेलेला असेल. भाषांतर करायचंच तर वेबलेट या भाषांतराच्या वेबसाइटवर करा, तिथे मॅन्युअल तुकड्यातुकड्याने येतं आणि मूळ वाक्य बदललं की फक्त तेवढाच तुकडा पुन्हा बघायला सांगतात, बाकीची मेहनत शाबूत. फीडला फीडच म्हणा, स्पिंडलला स्पिंडल. 'भरण दर' असलं काही लिहिलंत तर शिरोलीच्या शॉपमध्ये तुमचा कागद ऑइल पुसायला जाईल.

पण मला विचारशील तर प्रोजेक्ट म्हणून याहून चांगलं काम आहे. एखाद्या चालू शॉपमध्ये जाऊन आठवडाभर उभ्या राहा, ऑपरेटर कुठल्या कुठल्या मेसेजला थांबतो ते टिपा, आणि मशीनवर चिकटवायचा एकच मोठा कागद तयार करा. स्क्रीनवर जसा येतो तसाच इंग्रजी मेसेज, शेजारी मराठीत काय झालंय आणि आधी काय बघायचं. उदाहरणार्थ स्क्रीनवर येतं 'जॉइंट १ फॉलोइंग एरर', म्हणजे तो जॉइंट सांगितलेल्या जागेच्या मागे राहिला. ऑपरेटर एक नंबर म्हणून एक्सकडे जातो, तिथली केबल हलवून बघतो, कव्हर उघडतो. इथे मोजणी शून्यापासून आहे, साध्या तीन अक्षांच्या मिलिंगला जॉइंट १ म्हणजे वाय! हे त्या कागदावर पहिल्या ओळीत पाहिजे, मोठ्या अक्षरात. लेथ असेल तर क्रमांक आपल्या आपण ठरवू नका, त्या मशीनच्या आयएनआय फाइलमध्ये बघून घ्या. मग कागद लावून पुन्हा आठवडाभर उभ्या राहा आणि तरीही ऑपरेटर कुठे अडतो ते बघा, रिपोर्टमध्ये तेच लिहा.

परवानगीचं म्हणशील तर मॅन्युअल जीएनयूच्या फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्सखाली आहे, छापा, बदला, हवं तर विका, फक्त मूळ कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा आणि तुमच्या प्रतीलाही तेच लायसन्स लावा. कागद लॅमिनेट करून घ्या, कूलंट उडतं.