इटालियन संगीतकार विवाल्डीचं 'ग्लोरिया', म्हणजे देवाच्या स्तुतीचं लॅटिन चर्चगीत, जगभरचे हौशी कॉयर (समूहगायन करणारे गट) इतकं का गातात? गायला सोपं आहे म्हणून का?

अर्धं उत्तर हो. जर्मनीत नोकरीला होते तेव्हा गावातल्या चर्चच्या कॉयरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गायचे, नोटेशन वाचायची बोंब, लहानपणी चार वर्षं शास्त्रीय शिकलेले तेवढंच भांडवल, तरी अडीच महिन्यात हे बसलं. १२ तुकडे, सगळे मिळून जेमतेम अर्धा तास, आणि सोलोवाल्या बाहेरून बोलावलेल्या. पहिल्या तुकड्यात व्हायोलिनं खालच्या सा वरून वरच्या सा वर टुणटुण उड्या मारत राहतात आणि मग सगळे एकदम 'ग्लोरिया, ग्लोरिया', चारही आवाज एकाच ठेक्यात, चुकायला फारशी जागाच नाही.

पण मी अडकले ती दुसऱ्या तुकड्यात. 'एत इन तेर्रा पाक्स', म्हणजे पृथ्वीवर शांती. एकदम मायनर, म्हणजे उदास सुरावट, लय संथ, एकेक आवाज मागून येऊन आधीच्यावर चढतो. प्रॅक्टिसला मला सारखं वाटायचं आपण बेसूर झालो, कारण मी एक सूर धरून उभी आणि सोप्रानो, म्हणजे बायकांचा वरचा आवाज, त्याला अगदी चिकटलेला वरचा सूर लावणार, मग मी घाबरून सरकायचे. कंडक्टर बाई म्हणाल्या, तिथेच थांब, हलायचं नाही. आमच्या गुरुजींनी हे ऐकलं असतं तर तानपुरा खाली ठेवून चहाला गेले असते! पण पुढच्या मात्रेला आपला सूर एक पायरी खाली उतरतो आणि सगळं मोकळं होतं, ते नुसतं ऐकून नाही कळत, गाताना छातीत कळतं.

आता हे लिहिलं कोणासाठी ते बघा. व्हेनिसमध्ये पिएता नावाचा अनाथाश्रम होता, नको असलेली बाळं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून जायचे. त्यातल्या हुशार मुलींना संगीत शिकवायचे आणि विवाल्डी, जो स्वतः पाद्री, तो १७०३ पासून तिथे व्हायोलिनचा मास्तर. मुलींना आडनाव नाही, मग वाद्यच आडनाव, 'व्हायोलिनवाली अॅना मारिया' वगैरे. गायच्या जाळीआड, लोकांना फक्त आवाज. बास आणि टेनॉर (पुरुषांचे खालचा आणि वरचा आवाज) म्हणून नोंदवलेल्या मुलीही होत्या, म्हणजे पुरुषांच्या ओळीही त्याच गात असाव्यात. (आज टूरिस्टना 'विवाल्डीचं चर्च' म्हणून दाखवतात ते तो गेल्यावर बांधलंय, तिथे फार भारावून जाऊ नका.)

१७१५ च्या आसपासचं हे काम. विवाल्डी १७४१ मध्ये व्हिएन्नात कफल्लक अवस्थेत गेला आणि त्याच्याबरोबर हेही विसरलं गेलं, तब्बल दोनशे वर्षं. १९२६ मध्ये इटलीतल्या एका मिशनरी शाळेला डागडुजीसाठी पैसे हवे होते म्हणून त्यांनी जुनी हस्तलिखितं विकायला काढली, त्यात विवाल्डीचे गठ्ठे निघाले, उरलेला अर्धा भाग जेनोआच्या एका खानदानी घरात. तुरिनच्या लायब्ररीला ती हवी होती पण पैसे नाहीत, मग फोआ आणि जोर्दानो या दोन श्रीमंतांनी एकेक भाग विकत घेऊन तिला दिला, दोघांचीही लहान मुलं वारलेली, त्या मुलांच्या नावाने ते संग्रह आजही आहेत. ग्लोरिया पुन्हा लोकांसमोर गायलं गेलं सिएना शहरात, सप्टेंबर १९३९ मध्ये. युद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता आणि हे गातायत पृथ्वीवर शांती.

आणि सोपं म्हणताय ना, मग शेवटचा तुकडा गाऊन बघा. फ्यूग आहे, चारही आवाज एकमेकांच्या मागे धावतात, कार्यक्रमात आमची गाडी तिथेच दोनदा घसरली. नंतर कळलं की तो तुकडा मुळात विवाल्डीचा नाहीच, रुज्जेरी नावाच्या माणसाच्या १७०८ च्या ग्लोरियातून उचलून थोडा बदललाय.