राजीनामा मीच दिला, मग तक्रार करता येते का?

प्रश्न: वकीलताई नमस्कार, मी न्यू जर्सीत एका मोठ्या कंपनीत सहा वर्षं होते. प्रेग्नंट असल्याचं सांगितलं आणि १० नोव्हेंबरला माझं प्रोजेक्ट काढून दुसऱ्याला दिलं, मग मीटिंगला बोलवणं बंद, मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणायचा आता हिचं लक्ष घरातच. शेवटी ४ मार्चला राजीनामा मेल केला, त्यात 'वैयक्तिक कारण' लिहिलं, ३१ मार्च शेवटचा दिवस. घरचे म्हणतात स्वतःहून सोडलीस, आता काय भांडणार?

उत्तर: भांडता येतं, घरच्यांना सांगा. छळच असा की कुणीही शहाणं माणूस नोकरी सोडेल, तर तो राजीनामा कायद्याच्या नजरेत काढून टाकल्यासारखाच असतो. हे सिद्ध करणं अवघड आहे, खोटी आशा दाखवत नाही, पण प्रोजेक्ट काढलं ती तक्रार वेगळी, ती राजीनाम्यावर अवलंबून नाही.

आता तारखा, कारण लोक इथेच चुकतात. ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारी अमेरिकेची सरकारी संस्था) तुमच्या राज्यात ३०० दिवस मिळतात आणि ते शेवटच्या दिवसापासून नाही, राजीनामा दिला त्या दिवसापासून. हे ठरलं एका खटल्यात: कोलोरॅडोतले कृष्णवर्णीय पोस्टमास्टर मार्विन ग्रीन, ३५ वर्षं नोकरी, प्रमोशन नाकारलं म्हणून तक्रार केली तर त्यांच्यावरच टपाल अडवल्याचा आळ, आणि शेवटी रिटायर व्हा नाहीतर वायोमिंगमधल्या एका लांबच्या गावात कमी पगारावर जा. केंद्र सरकारी नोकर म्हणून त्यांना मुदत होती ४५ दिवसांची, ते राजीनाम्यानंतर ४१ व्या दिवशी गेले आणि खालच्या कोर्टांनी तरी उशीर झाला म्हटलं, कारण त्यांनी दिवस राजीनाम्याच्या आधीपासून मोजले. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घड्याळ राजीनाम्यापासूनच सुरू होतं.

म्हणजे तुमच्या राजीनाम्याचे दिवस २९ डिसेंबरला भरतात, पण प्रोजेक्टचे १० नोव्हेंबरपासून मोजायचे, ते सप्टेंबरच्या सुरवातीलाच संपतात, म्हणून थांबू नका. एचआरशी बोलणं चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. राज्याच्या कायद्याखाली कोर्टात जायला दोन वर्षं आहेत, तो रस्ता वेगळा.

'वैयक्तिक कारण' लिहिल्याने सगळं संपलं असं नाही, भीतीपोटी बहुतेकजणी तेच लिहितात हो, फक्त आता पुरावा लागेल: मॅनेजर कधी काय बोलला, समोर कोण होतं, आजच वहीत तारखेसकट लिहून काढा. कंपनी पैसे देऊन कागदावर सही मागत असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका, त्यात हक्क सोडल्याचं लिहिलेलं असू शकतं. आणि ईईओसीच्या पोर्टलवर नुसती चौकशी टाकली म्हणजे तक्रार झाली असं समजू नका, चार्जवर, म्हणजे रीतसर तक्रारीवर, तुमची सही झाली पाहिजे.